त्रैराशिक जिथे थांबतं: सातवी-आठवीत फलन आणि संभाव्यता कशी शिकवावी

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलवर एक मेसेज फिरत असतो: राधानगरीचे अमुक दरवाजे उघडले, विसर्ग इतके क्युसेक. लोक तो वाचतात, काळजी करतात आणि पुढे पाठवतात. आठवीच्या गणिताच्या शिक्षकानं तो फळ्यावर लिहावा.

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. याशिवाय वीजगृहातून पाणी चालू असतंच, ते १५०० क्युसेक धरू. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एवढं सांगून मुलांना विचारायचं: दोन दरवाजे उघडले तेव्हा एकूण विसर्ग ४३५६ क्युसेक होता, चार उघडले तर किती?

वर्गातून झटकन उत्तर येतं, ८७१२. दोनाचे चार झाले, मग पाणीही दुप्पट. हे उत्तर चूक आहे. चार दरवाज्यांचे ५७१२ आणि वीजगृहाचे १५००, असे ७२१२ क्युसेक होतात. दुप्पट करताना वीजगृहाचं पाणीही दुप्पट झालं, आणि वीजगृहाला दरवाज्यांशी काही देणंघेणं नाही.

हे उत्तर देणारं मूल हुशार असतं, ही यातली गंमत. पाचवीपासून आपण त्याला त्रैराशिक घोटून घेतलेलं असतं: चार वह्या साठ रुपयांना, तर दहा वह्या कितीला. ही रीत जुनी आहे, आर्यभटानं ती ४९९ सालच्या आपल्या ग्रंथात दिली आहे, आणि बाजारहाटात तिच्याइतकं उपयोगी दुसरं गणित नाही. सातवीत समप्रमाण, आठवीत समचलन, सगळं त्याच अंगानं जातं. परिणाम असा की दोन राशी एकत्र वाढताना दिसल्या की मूल लगेच गुणाकाराला लागतं. फलन (एक राशी कळली की दुसरी ठरते असा संबंध) आणि संभाव्यता हे दोन्ही विषय ही सवय मोडतात. त्यामुळे ते दहावी-अकरावीपर्यंत लांबवू नयेत, आणि वेगवेगळेही शिकवू नयेत, असं माझं मत आहे. मुलाची दोन्हीकडची अडचण एकच असते: गुणोत्तर कुठे लावायचं आणि कुठे हात आखडायचा.

आधी फलन घेऊ. व्याख्या फार नंतर. पहिल्या तासाला फक्त तक्ता: शून्य दरवाजे १५००, एक २९२८, दोन ४३५६, तीन ५७८४, असं सातपर्यंत, ११,४९६. मुलांनाच भरू द्या. मग विचारा, प्रत्येक ओळीत किती वाढलं? प्रत्येक वेळी १४२८. वाढ सारखी आहे, पण रक्कम पटीत नाही. हा फरक तक्त्यात डोळ्यांना दिसतो. सूत्र लिहायला तिथून एकच पाऊल उरतं: उघड्या दरवाज्यांची संख्या क्ष, विसर्ग य, तर य = १४२८ × क्ष + १५००. आधी सूत्र देऊन मग तक्ता भरायला लावला की मूल नुसतं किंमती घालत बसतं. तक्त्यातून सूत्र आलं तर ते त्याचं स्वतःचं होतं.

आलेख काढताना मुलं हमखास पट्टी घेऊन ठिपके जोडतात. तिथे थांबवून विचारावं, साडेतीन दरवाज्यांना किती पाणी? दरवाजा स्वयंचलित आहे, तो उघडा मोजायचा नाहीतर बंद. मग दोन ठिपक्यांमधल्या रेषेला अर्थ काय? काहीच नाही. या फलनात आत जाऊ शकणाऱ्या संख्या आठच आहेत, शून्य ते सात. पुढे अकरावीत ज्याला प्रांत म्हणतात तो इथे दरवाजे मोजूनच कळला.

आता फलन म्हणजे काय ते सांगता येतं: आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बाहेर येणारी एक आणि एकच गोष्ट. पुस्तकांत यासाठी यंत्राचं चित्र काढतात, वरून संख्या टाकायची आणि खालून उत्तर घ्यायचं. एका तासापुरतं ते ठीक आहे. मात्र त्यातून मुलांच्या डोक्यात बसतं की आत कुठेतरी सूत्र असलंच पाहिजे. हा गैरसमज मुलांपुरता नाही. ऑयलर या थोर गणितज्ञानं १७४८ साली फलन म्हणजे चल राशीपासून बनलेलं सूत्रच, अशी मांडणी केली होती. सूत्र असो वा नसो, प्रत्येक किमतीला एक ठरलेली किंमत जोडलेली असली की पुरे, हे डिरिश्ले या दुसऱ्या गणितज्ञानं १८३७ मध्ये स्पष्ट केलं. मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं गेली, तर आठवीच्या पोराला दोन तास द्यायला हरकत नसावी.

सूत्र नसलेलं फलन कोल्हापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे आणि तिथली पंचगंगेची पातळी पावसाळ्यात सतत जाहीर होते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. वेळ आत टाका, पातळी बाहेर येते. कुठल्याही क्षणी नदीची पातळी एकच असते, म्हणून हे फलन आहे. सूत्र मात्र कुणाच्या बापाला काढता यायचं नाही.

आता उलटं करा. पातळी आत टाकली तर वेळ बाहेर येईल का? ‘पाणी ४३ फुटांवर कधी होतं?’ याला पुराच्या एका फेऱ्यात निदान दोन उत्तरं आहेत, एक चढताना आणि एक उतरताना. म्हणजे हे फलन नाही. ‘एका किमतीला एकच’ ही अट इथे जितकी स्वच्छ कळते तितकी बाणांच्या आकृत्यांनी कळत नाही. आकृत्यांवर माझा राग नाही, पण चार बाण आणि दोन अंडाकृती काढून पूर्ण झालेला धडा मुलं परीक्षेनंतर विसरतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला: राधानगरीचे किती दरवाजे उघडे आहेत हे कळलं तर राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगता येईल का? मुलं आधी हो म्हणतात. मग त्यांना नद्या आठवायला लावा. राधानगरी भोगावतीवर आहे. पंचगंगेत कासारी, कुंभी आणि तुळशीचंही पाणी येतं. चार दरवाजे उघडे असताना एखाद्या दिवशी पातळी ३८ फूट असू शकते, दुसऱ्या दिवशी ४१. आत जाणारी गोष्ट तीच, बाहेर येणारी वेगळी. दरवाज्यांवरून विसर्ग ठरतो, पातळी ठरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, संभाव्यतेकडे जाण्याची वाट इथूनच आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. पातळी फूट-इंचांत येते आणि मुलं ४१ फूट ६ इंच म्हणजे ४१.६ असं आलेखावर मांडतात. बारा इंचांचा फूट, म्हणून ते ४१.५. यावर अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नये.

उसाचा दर हे याच जातीचं दुसरं उदाहरण, आणि आपल्या जिल्ह्यात ते घराघरांत पोचलेलं आहे. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, अशी होती: १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३४० रुपये. त्यावर उतारा प्रत्येक ०.१ टक्क्यानं वाढला की ३ रुपये ३२ पैसे जास्त, कमी झाला की तेवढेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून खाली असला तरी ३१५ रुपये १० पैसे ठरलेले. १२.२५ टक्के उताऱ्याला किती? दोन टक्के म्हणजे वीस पायऱ्या, वीस गुणिले ३.३२ म्हणजे ६६ रुपये ४० पैसे, एकूण ४०६ रुपये ४० पैसे. टनाला ४०६४, त्यातून तोडणी-वाहतूक वजा.

आता तेच त्रैराशिकानं करा. १०.२५ ला ३४०, तर १२.२५ ला? उत्तर येतं ४०६ रुपये ३४ पैसे. सहा पैशांचा फरक! इथे त्रैराशिक चाललं की. ते का चाललं हे मुलांना शोधू द्या: ३४० ला १०.२५ नं भागून त्याचा दहावा भाग घेतला की ३.३१७ येतात, म्हणजे ३ रुपये ३२ पैसे हा आकडाच प्रमाणात बसवलेला आहे. मग ८.५ टक्के उताऱ्याचं विचारा. त्रैराशिक सांगतं २८१ रुपये ९५ पैसे, नियम सांगतो ३१५ रुपये १० पैसे. आलेख काढला तर तिरपी रेषा ९.५ पाशी येऊन आडवी होते. एकच फलन, दोन तुकडे, आणि त्रैराशिक फक्त एका तुकड्यात खरं. शिवाय दर ३१५ रुपये १० पैसे आहे एवढ्यावरून उतारा सांगता येणार नाही, म्हणजे उलट दिशेनं हेही फलन नाही. ज्यांच्या घरी ऊस आहे ती मुलं या तासाला शिक्षकाच्या पुढे पळतात. त्यांना पळू द्यावं.

आता संभाव्यता. आत्तापर्यंतच्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत तिचा स्वतंत्र धडा दहावीत येतो. नमुना अवकाश (सगळ्या शक्य निकालांचा संच), घटना, आणि घटनेतल्या घटकांना एकूण घटकांनी भागा. चार गुणांचा हुकमी प्रश्न. मुलं तो सोडवतात, आणि बाहेर येऊन नाणं उडवताना म्हणतात, ‘लई वेळ छापाच पडलाय, आता काटा पडणारच की.’ धडा आणि समज यांची गाठच पडलेली नसते.

नाण्याला मागचं काही आठवत नाही, हे सांगून कुणालाही पटत नाही. त्यापेक्षा एक प्रयोग करावा. निम्म्या वर्गानं घरी नाणं १०० वेळा खरंच उडवून निकाल लिहून आणायचे, उरलेल्या निम्म्यांनी न उडवता मनानं लिहायचे. कुणी काय केलं हे शिक्षकाला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षक वह्या बघून ओळखतो. युक्ती सोपी आहे: शंभर फेकींत कुठेतरी सलग पाच वेळा एकच बाजू येण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त असते, आणि मनानं लिहिणारा सलग पाच छापे लिहायला बिचकतो. तीन झाले की त्याचा हात आपोआप काट्याकडे वळतो. एखादी वही चुकते, पण बहुतेक बरोबर येतात. मग वर्गच विचारतो की सर, हे कसं ओळखलं.

यानंतर त्रैराशिकाची दुसरी शिकार. दहा वेळा नाणं उडवून सात किंवा जास्त छापे आले, आणि शंभर वेळा उडवून सत्तर किंवा जास्त आले. कुठल्या गोष्टीचं जास्त आश्चर्य वाटायला हवं? मुलं म्हणतात, दोन्ही सारखंच, सात दशांश. गुणोत्तर सारखं आहे हे खरं. पण दहा फेकींचे एकूण १०२४ निकाल असतात, त्यांपैकी १७६ निकालांत सात किंवा जास्त छापे येतात, म्हणजे सुमारे १७ टक्के. शंभरात सत्तर किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण पंचवीस हजारांत एक. मोठी माणसंही इथेच घसरतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दोन रुग्णालयांचा प्रश्न विचारला होता. एकात रोज सुमारे ४५ बाळं जन्मतात, दुसऱ्यात १५. वर्षभरात साठ टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मल्याचे दिवस कुठे जास्त? विचारलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण म्हणाले, दोन्हीकडे साधारण सारखे. उत्तर आहे लहान रुग्णालय. थोड्या संख्येत हेलकावे मोठे असतात.

आठवीच्या मुलाला हे सूत्रानं सिद्ध करून दाखवता येत नाही, गरजही नाही. वर्गातल्या चाळीस जणांनी दहा-दहा फेकी केल्या की फळ्यावर ३ पासून ८ पर्यंत सगळे आकडे दिसतात. तेच चारशे फेकींचे एकत्र करा, छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येऊन बसतं.

नाणं आणि फासा यांचा एक तोटा असा की उत्तर आधीच ठाऊक असतं. म्हणून चिंचोका आणावा. फोडलेला किंवा एका बाजूनं दगडावर घासलेला चिंचोका पटावर दान टाकायला वापरतात, पांढरी बाजू आणि तपकिरी बाजू. पांढरी पडण्याची शक्यता किती? मुलं म्हणतात निम्मी, कारण बाजू दोन. टाकून बघा. एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर, मग दोन्ही सारख्या पडतीलच असं का मानायचं? प्रत्येक गटाचा चिंचोका वेगळा घासलेला, म्हणून प्रत्येकाचं उत्तर वेगळं. इथे मोजून भागाकार करण्यासारखं काही नसतं, टाकत राहूनच अंदाज घ्यावा लागतो. वीस फेकींनंतरचा अंदाज, शंभर फेकींनंतरचा, दोनशेनंतरचा, हे आलेखावर मांडलं की रेषा सुरुवातीला उड्या मारते आणि पुढे शांत होत जाते. दहावीच्या व्याख्येत ‘समसंभाव्य’, म्हणजे सारखीच शक्यता असलेले, हा शब्द असतो. तो का घालावा लागला, हे चिंचोका टाकलेल्या मुलाला समजावावं लागत नाही.

‘बाजू दोन म्हणजे निम्मं-निम्मं’ हा हट्ट फार चिवट आहे. फुटबॉलचं उदाहरण द्या, कोल्हापुरात त्याची वाण नाही. सामना जिंकणार किंवा नाही जिंकणार, मग जिंकण्याची शक्यता निम्मी का? पेठेतलं कुठलंही पोर आपल्या तालमीच्या संघाची शक्यता निम्मी मानायला तयार होत नाही. अभिमानापोटी का होईना, उत्तर बरोबर येतं.

निकाल नीट न मोजल्यानं मोठमोठे फसले आहेत. नाणं दोनदा उडवून निदान एक छापा येण्याची शक्यता दालांबेर या नावाजलेल्या फ्रेंच गणितज्ञानं १७५४ मध्ये दोन तृतीयांश सांगितली. त्याचा तर्क असा: पहिल्यांदाच छापा आला की काम झालं, नाहीतर काटा मग छापा, किंवा काटा मग काटा. तीन शक्यता, त्यांतल्या दोन अनुकूल. पण पहिली शक्यता उरलेल्या दोहोंपैकी प्रत्येकीच्या दुप्पट वेळा येते. खरं उत्तर पाऊण. वर्गात कुणीतरी नेमका हाच तर्क करतो, तेव्हा त्याला दालांबेरचं नाव जरूर सांगावं. खाली बसायला लावण्यापेक्षा ते बरं.

पावसाच्या अंदाजाचा प्रश्न मुलंच काढतात. ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ असं फोनवर दिसलं आणि पाऊस आला नाही, तर अंदाज चुकला का? एका दिवसावरून ठरवताच येत नाही. ७० टक्के सांगितलेले सगळे दिवस वहीत गोळा करायचे आणि त्यांतल्या किती दिवशी पाऊस पडला ते बघायचं. दहापैकी सात दिवसांच्या आसपास पडला असेल तर अंदाज चांगला. अशा शंभर दिवशी शंभर वेळा पडला, तर उलट अंदाजातच काहीतरी बिघडलंय. जून ते सप्टेंबर ही वही ठेवायला एखाद्या मुलाला नेमून द्यावं.

इथे मघाचा बंधारा पुन्हा घ्या. चार दरवाजे उघडे असताना पातळी कधी ३८, कधी ४१. एक आत आणि एक बाहेर हा नियम इथे नाही, मग गणितानं हात टेकायचे का? तर नाही. चार दरवाजे उघडे असलेले सगळे दिवस जमवले तर त्यांपैकी किती दिवशी पातळी ३९ च्या वर होती हे मोजता येतं. फलन जिथे संपतं तिथून संभाव्यता कामाला लागते. पूर येईल की नाही याचं एक उत्तर देता आलं नाही, तरी किती दाट शक्यता आहे ते सांगता येतं.

दोन विषय एकाच पानावर आणायला दोन फासे पुरतात. बेरीज २ पासून १२ पर्यंत येते. ३६ जोड्यांचा चौकोनी तक्ता मुलांकडून भरून घ्या. २ एकाच रीतीनं येते, ३ दोन रीतींनी, चढत चढत ७ सहा रीतींनी, आणि मग पुन्हा उतरत १२ एकाच रीतीनं. कुठल्या फेकीत काय पडेल ते सांगता येत नाही, पण ‘बेरीज आत, रीतींची संख्या बाहेर’ हे पक्कं फलन आहे. त्याचा आलेख काढला की ठिपक्यांचा डोंगर दिसतो आणि त्रैराशिकाला तिथे कुठेच जागा नसते: ४ च्या तीन रीती, पण ८ च्या सहा नाहीत, पाच आहेत.

ज्या वर्गाला हे जमेल त्यांना तीन फासे द्यावेत. बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्ही आकडे तीन संख्यांमध्ये सहा-सहा प्रकारांनीच फोडता येतात, तरी इटलीतल्या जुगाऱ्यांना १० जास्त वेळा पडते असं जाणवलं होतं आणि त्याचा खुलासा गॅलिलिओला करावा लागला. २१६ पैकी ९ च्या रीती २५ आणि १० च्या २७. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. सहा प्रकार वहीत लिहून घ्या, आणि ३-३-३ किती रीतींनी पडतं एवढाच प्रश्न विचारा.